फाइल समोर असूनही जावाला क्लास का सापडत नाही?

जावात लिहिलेला प्रोग्राम कंपाइल होतो. फोल्डर उघडून पाहिलं तर कंपाइल झाल्यावर मिळणारी डॉट क्लास फाइलही तयार असते. मग चालवायला गेलं की पडद्यावर ओळ येते: ‘एरर: कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’. बेळगावच्या जावा लॅबमध्ये या ओळीपाठोपाठ हमखास एक प्रश्न ऐकू येतो: ‘सर, फाइल हितंच हाय की, मग ह्याला दिसंना कशी?’

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला नेमकं उत्तरही आहे. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. त्यांच्या जावा लॅबमध्ये ‘मायपॅक’ नावाचं पॅकेज, म्हणजे क्लासचा गट, तयार करून दुसऱ्या क्लासमध्ये वापरायचा एक प्रयोग असतो. निपाणी, खानापूर, चिकोडीकडून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेली अनेक मुलं नेमकी तिथं अडतात. लूप, अ‍ॅरे, मेथड हे सगळं त्यांना आलेलं असतं. अडतं ते या एका ओळीपाशी. मग ‘आपल्याला प्रोग्रामिंग जमायचं नाही’ असं ती मनाशी ठरवून टाकतात, आणि ते मला फार लागतं. ही चूक प्रोग्रामच्या तर्कात नसतेच. क्लासचं नाव काय आणि शोध कुठून सुरू करायचा, एवढंच जावाला चुकीचं सांगितलेलं असतं.

लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

जावाला नाव हवं असतं

कंपाइल करणारी आज्ञा ‘जावासी’, चालवणारी ‘जावा’. दोन्हींपुढे आपण जे लिहितो ते दिसायला सारखं वाटतं, पण जावासीला फाइलीचा रस्ता लागतो आणि जावाला क्लासचं पूर्ण नाव. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

पूर्ण नाव म्हणजे पॅकेजसकट नाव. खानापूर म्हटलं की बेळगावकराला जांबोटी-नंदगडचा तालुका आठवतो, पण सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहेच. पत्रावर नुसतं ‘खानापूर’ लिहून भागत नाही, जिल्हा लिहावा लागतो. पॅकेज हा क्लासचा जिल्हा. ‘बिल’ नावाचा क्लास जगात हजारोंनी लिहिला असेल; ‘ऊस.बिल’ म्हटलं की तुमचा वेगळा ओळखता येतो.

हेच उदाहरण पुढे नेऊ. चिकोडी-रायबागकडच्या घरांत टन गुणिले दर हा हिशेब शाळकरी पोरालाही येतो, त्यामुळे आत काय लिहिलंय याची चिंता नको. ‘डी’ ड्राइव्हवर ‘काम’ नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘ऊस’ फोल्डर आणि त्यात ‘बिल.जावा’ ही फाइल. फाइलीची पहिली ओळ आहे:

पॅकेज ऊस;

विद्यार्थी काय करतो? सरळ ‘ऊस’ फोल्डरमध्ये शिरतो आणि लिहितो:

जावासी बिल.जावा

हे चालतं, कारण जावासीला फाइल हवी होती आणि ती समोरच होती. मग तो लिहितो:

जावा बिल

आणि अडतो. नुसत्या ‘बिल’ नावाचा क्लास अस्तित्वातच नाही. आहे तो ‘ऊस.बिल’. कुणीतरी शेजारून सांगतं, पॅकेजचं नाव लाव. मग तिथूनच:

जावा ऊस.बिल

हेही चालत नाही. इथं मुलं खरी हताश होतात, कारण आता नाव बरोबर आहे. पण जावा शोध कसा घेतं ते पाहा. दिलेल्या नावातला प्रत्येक टिंब म्हणजे एक पायरी खाली, असं समजून ते रस्ता तयार करतं: ‘ऊस’ फोल्डर, त्यात ‘बिल.क्लास’. हा रस्ता ते आपण उभे आहोत त्या जागेपासून मोजतं. आपण आधीच ‘ऊस’मध्ये उभे, म्हणून ते ‘ऊस’च्या आत आणखी एक ‘ऊस’ शोधतं. तो नसतो.

उपाय एका पायरीचा. ‘सीडी ..’ लिहून वर ‘काम’ फोल्डरमध्ये या आणि तीच आज्ञा द्या. चालेल.

सगळा क्लासपाथ एवढ्यात आला. क्लासपाथ म्हणजे शोध जिथून सुरू करायचा त्या जागांची यादी. त्या जागेला आपण मूळ म्हणू. मूळ अधिक पूर्ण नाव बरोबर फाइलीचा रस्ता, हे समीकरण जुळलं पाहिजे. पॅकेजचं फोल्डर स्वतः मूळ कधीच नसतं, त्याच्या वरचं फोल्डर मूळ असतं. पॅकेज ‘कारखाना.ऊस’ असेल तर मूळ दोन पायऱ्या वर.

चुकीचं नाव, म्हणजे नेमकं काय?

मघाच्या पहिल्या चुकीत, म्हणजे ‘ऊस’च्या आत उभं राहून ‘जावा बिल’ लिहिल्यावर, खाली बहुधा आणखी एक ओळ येते. तीत ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ असतं आणि कंसात ‘राँग नेम’. ही ओळ फार कामाची आहे, आणि लॅबमध्ये ती कुणी वाचत नाही याचं मला वाईट वाटतं.

डॉट क्लास फाइलीची रचना ठरलेली असते. तिचे पहिले चार बाइट प्रत्येक फाइलीत सारखेच. हेक्साडेसिमलमध्ये ते ‘कॅफेबेब’ असे वाचता येतात. पुढे आतमध्ये क्लासचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं, फक्त टिंबाच्या जागी तिरकी रेघ: ‘ऊस/बिल’. जावाने चालू फोल्डरमध्ये ‘बिल.क्लास’ पाहिली, उघडली, आतलं नाव वाचलं आणि ते मागितलेल्या नावाशी जुळलं नाही. म्हणजे फाइल सापडली होती. नाकारली गेली ती नावामुळे. त्या ओळीत दोन्ही नावं शेजारी छापलेली असतात. तिरकी रेघ असलेलं लांब नाव हे फाइलीच्या आतलं, तेच खरं. ते उचला, रेघांच्या जागी टिंब घाला, वर एक पायरी या, काम झालं.

म्हणूनच डॉट क्लास फाइल इकडून तिकडे कॉपी करून किंवा तिचं नाव बदलून काही साधत नाही. आतलं नाव कंपाइल करतानाच ठरलेलं असतं. नाव बदलायचं तर आपण लिहिलेल्या डॉट जावा फाइलीतली पॅकेजची ओळ बदलून पुन्हा कंपाइल करावं लागतं.

याच जातीची आणखी एक चूक: ‘जावा बिल.क्लास’ असं लिहिणं. जावा टिंबाला पॅकेजची खूण समजतं, त्यामुळे त्याच्या लेखी तुम्ही ‘बिल’ पॅकेजमधला ‘क्लास’ नावाचा क्लास मागितला. शेपूट काढून टाका.

आणि लहान-मोठी अक्षरं. विंडोज फाइलींच्या नावांत हा भेद मानत नाही, जावा मानतं. क्लासच्या नावातलं ‘बी’ कॅपिटल आणि तुम्ही स्मॉल टाइप केलंत, तर विंडोज फाइल काढून देतं आणि जावा पुन्हा ‘राँग नेम’ म्हणतं. लिनक्सवर तर फाइलच सापडत नाही.

अलीकडे यात एक नवी भर पडली. २०१८ साली आलेल्या जावा ११ पासून ‘जावा बिल.जावा’ असं थेट डॉट जावा फाइलीचं नाव देऊनही एका फाइलीचा प्रोग्राम चालवता येतो. जावा तो मेमरीतच कंपाइल करून चालवतं, डॉट क्लास फाइल बनतच नाही. सोय उत्तम आहे. पण पहिलं सेमिस्टर याच सवयीत गेलं की ‘जावाला फाइल द्यायची असते’ हे डोक्यात पक्कं बसतं, आणि पॅकेजचा प्रयोग आला की सगळं कोसळतं. माझं मत विचाराल तर सुरुवातीपासून मुलांना दोन्ही आज्ञा वेगवेगळ्या लिहायला लावाव्यात.

मूळ आपण ठरवायचं

प्रत्येक वेळी फोल्डर बदलत बसण्यापेक्षा मूळ कुठलं ते जावाला सांगता येतं. त्यासाठी ‘-सीपी’ हा पर्याय आहे. आणि कंपाइल करताना ‘-डी’ दिलं की जावासी पॅकेजप्रमाणे फोल्डर स्वतः तयार करतं. ‘काम’मधलं ‘ऊस’ फोल्डर आता ‘एसआरसी’ नावाच्या फोल्डरात ठेवलं आहे असं धरू:

जावासी -डी आउट एसआरसी/ऊस/बिल.जावा
जावा -सीपी आउट ऊस.बिल

पहिल्या आज्ञेनंतर ‘आउट’मध्ये ‘ऊस’ आणि त्यात ‘बिल.क्लास’ अशी रचना आपोआप होते. हाताने फोल्डर बनवताना होणाऱ्या चुका इथं उरत नाहीत, लिहिलेला कोड आणि तयार झालेल्या फाइली वेगळ्या राहतात, आणि ‘आउट’ अख्खं पुसून टाकलं तरी काही बिघडत नाही. जुनी डॉट क्लास फाइल कुठंतरी राहून गेल्यामुळे कालचाच निकाल आज दिसणं हा प्रकारही पुसून पुन्हा कंपाइल केलं की थांबतो. माझ्या अनुभवात या दोन ओळींची सवय लागलेली मुलं पुन्हा या चुकीपाशी फारशी अडत नाहीत.

‘-सीपी’ क्लासच्या नावाच्या आधी यायला हवं. नावानंतर जे काही लिहाल ते जावा स्वतःसाठी ठेवत नाही, प्रोग्रामला इनपुट म्हणून देऊन टाकतं.

‘-सीपी’ दिलंच नाही तर? मग जावा ‘क्लासपाथ’ नावाचं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे मशीनवर त्या नावाने नोंदवून ठेवलेला मजकूर, पाहतं. तेही नसेल तर चालू फोल्डर हेच मूळ. यातच एक जुनं दुखणं लपलेलं आहे. ते व्हेरिएबल कुणीतरी कधीतरी भरून ठेवलेलं असेल आणि त्यात चालू फोल्डरची खूण, म्हणजे एकटं टिंब, नसेल, तर जावा चालू फोल्डरकडे ढुंकूनही पाहत नाही. एकच पेनड्राइव्ह, एकच आज्ञा. शेजारच्या मशीनवर चालतं आणि या मशीनवर चालत नाही, याचं कारण पुष्कळदा हे असतं. अजूनही फिरणाऱ्या काही जुन्या नोट्समध्ये ‘आरटी.जार’, ‘टूल्स.जार’ यांची नावं क्लासपाथमध्ये भरायला सांगितलेली असतात. २०१७ साली आलेल्या जावा ९ पासून या दोन्ही फाइलीच राहिलेल्या नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एको %क्लासपाथ%’ लिहून पाहा. काही भरलेलं निघालं आणि कुणाला त्याची गरज नसली, तर ते काढून टाका. ‘-सीपी’ दिलं की व्हेरिएबलकडे दुर्लक्ष होतं, त्यामुळे तोही मार्ग आहेच.

‘जावासी इज नॉट रेकग्नाइज्ड’ अशी ओळ आली तर तो प्रश्न क्लासपाथचा नाही, ‘पाथ’चा आहे. विंडोजला जावासीच कुठे आहे ते माहीत नाही. दोन्ही नावं कानाला सारखी लागतात म्हणून एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसू नका.

जार फाइली आल्या की

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टमध्ये डेटाबेस येतो आणि त्याबरोबर ‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’. त्यापुढे नाव दिसतं ‘कॉम.मायएसक्यूएल.सीजे.जेडीबीसी.ड्रायव्हर’. इथं आपला क्लास सापडलेला असतो. न सापडलेला आहे मायएसक्यूएलचा ड्रायव्हर, म्हणजे त्या डेटाबेसशी बोलणारा क्लास. तो एका जार फाइलीत येतो. जार म्हणजे झिपसारखी बांधलेली फाइल, आत पॅकेजप्रमाणे फोल्डर आणि डॉट क्लास फाइली. क्लासपाथच्या दृष्टीने जार फाइल स्वतःच एक मूळ असते. म्हणून जार ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव देऊन भागत नाही, जारचंच नाव द्यावं लागतं:

जावा -सीपी आउट;लिब/मायएसक्यूएल.जार ऊस.बिल

दोन जागांमध्ये विंडोजवर अर्धविराम, लिनक्स आणि मॅकवर अपूर्णविराम म्हणजे कोलन. घरी विंडोजचा लॅपटॉप आणि लॅबमध्ये उबुंटू असेल तर घरून वहीत उतरवून आणलेली आज्ञा इथंच अडते. विंडोजवरही एक फरक आहे. काळ्या कमांड प्रॉम्प्टऐवजी पॉवरशेल उघडलेलं असेल, तर ते अर्धविरामाला ‘आज्ञा संपली’ समजतं आणि उरलेला भाग वेगळी आज्ञा म्हणून चालवायला जातं. अशा वेळी ‘-सीपी’नंतरची अख्खी यादी दुहेरी अवतरणात घाला. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तरीही अवतरण लागतंच.

जार बऱ्याच असतील तर ‘लिब/*’ असं लिहिता येतं. ही फुली त्या फोल्डरातल्या जार फाइलीच उचलते. सुट्या डॉट क्लास फाइली उचलत नाही, आतल्या फोल्डरांत शिरत नाही. लिनक्सवर हेही अवतरणात ठेवा, नाहीतर जावापर्यंत पोचण्याआधीच शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम, फुलीच्या जागी फाइलींची नावं भरून टाकतं.

आपलाच प्रोग्राम जारमध्ये बांधून ‘जावा -जार’ने चालवला तर नियम बदलतो. ‘-जार’ दिलं की ‘-सीपी’ आणि व्हेरिएबल दोन्हींकडे दुर्लक्ष होतं. लागणाऱ्या इतर जार फाइलींची नावं जारच्या आतल्या मॅनिफेस्ट फाइलीत लिहावी लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे सादरीकरणाच्या आदल्या रात्री ‘-सीपी’मध्ये नाना बदल करत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ते बदल जावा वाचतच नव्हतं.

दोन सारखे दिसणारे संदेश

‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ आणि ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’ यांत फरक आहे. पहिला येतो तो कुणीतरी नाव मजकूर म्हणून देऊन क्लास मागवला आणि मिळाला नाही तेव्हा, ड्रायव्हरचं तसंच. दुसरा, मघाचा ‘राँग नेम’ सोडला तर, येतो तो कंपाइल करताना क्लास हजर होता आणि चालवताना नाही तेव्हा. जावासीला जार दिली आणि जावाला द्यायची राहिली, हे त्याचं नेहमीचं कारण. दोन्ही आज्ञांमध्ये जार फाइलींची यादी सारखीच आहे का, ते आधी पाहा.

मात्र दुसऱ्या संदेशात ‘कुड नॉट इनिशियलाइज क्लास’ असे शब्द असतील तर क्लासपाथला हात लावू नका. क्लास सापडला आहे, पण त्यातला स्टॅटिक भाग, म्हणजे क्लास तयार होताना एकदाच चालणारा कोड, चालताना काहीतरी मोडलं आहे. संदेश वर सरकवत जा. ‘एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर’ कुठेतरी वर दिसेल आणि खरं कारण त्याच्या खालच्या ‘कॉज्ड बाय’ ओळीत असेल.

तिसराही एक पाहुणा येतो, ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’. घरी जावा २१, लॅबमध्ये जावा ८. त्या संदेशातले आकडे आवृत्तीचे असतात: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. लॅबमध्ये पुन्हा कंपाइल करा, किंवा घरीच कंपाइल करताना ‘--रिलीज ८’ द्या.

क्लास खरंच तिथं आहे का हे तपासायला ‘जावापी’ वापरा:

जावापी -सीपी आउट ऊस.बिल

हिने क्लासमधल्या मेथड छापल्या तर मूळ आणि नाव दोन्ही बरोबर आहेत. जारच्या आत काय आहे ते ‘जार टीएफ’ आणि जारचं नाव लिहून पाहता येतं. एकाच नावाचा क्लास दोन जारमध्ये असेल तर यादीत आधी असलेली जार जिंकते. कुठला क्लास कुठून उचलला ते ‘जावा -व्हर्बोज:क्लास’ दाखवतं. यादी लांबलचक येते, पण तुमच्या क्लासचं नाव शोधलं की पुढेच जागा लिहिलेली असते.

तरीही अडलंच तर ग्रुपवर नुसतं ‘सर, चालत नाही’ असं टाकू नका. दिलेली आज्ञा जशीच्या तशी, आज्ञा देताना कुठल्या फोल्डरमध्ये होता ते, फाइलीतली पॅकेजची ओळ, आणि ‘कॉज्ड बाय’सकट पूर्ण संदेश पाठवा. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढताना नेमकी खालची ओळ कापली जाते, म्हणून मजकूर कॉपी करूनच टाका.